बागेतलं खोपटं, सहा पेन्सिली आणि दिवसाचे चार तास : रोआल्ड डाल लिहायचा कसा?

विली वाँका आठवतोय? डोक्यावर उंच टोपी, हातात काठी आणि नदीऐवजी चॉकलेट वाहणारा कारखाना. कुणाला तो २००५ च्या सिनेमातल्या जॉनी डेपमुळे माहीत असतो, कुणाला २०२३ च्या टिमथी शालमेमुळे. 'मटिल्डा' तर नव्वदच्या दशकात जन्मलेल्या अनेकांनी सुट्टीत टीव्हीवर कितीदा पाहिला असेल त्याचा हिशोब नाही.

या सगळ्यांना जन्माला घालणारा माणूस एकच. रोआल्ड डाल. त्याच्या पुस्तकांच्या जगभरात २५ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. आता इतका मोठा लेखक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्ठं टेबल, खिडकीतून दिसणारा डोंगर, भिंतभर पुस्तकं.

डालकडे यातलं काहीच नव्हतं. त्याला टेबलच चालायचं नाही.

लंडनच्या वायव्येला बकिंगहॅमशर परगण्यात ग्रेट मिसेंडन नावाचं गाव आहे. १९५४ मध्ये डालने तिथे घर घेतलं, पुढे त्याचं नाव पडलं जिप्सी हाऊस. घराच्या बागेत त्याने एक छोटं खोपटं बांधून घेतलं. कल्पना उचलली होती कवी डिलन थॉमसकडून, त्याचंही वेल्समध्ये असंच एक लिहायचं खोपटं होतं. बांधून दिलं वॉली सॉन्डर्स नावाच्या ओळखीच्या गवंड्याने. हा वॉली अंगाने धिप्पाड, हाताचे पंजे मोठे, कान त्याहून मोठे. पुढे डालच्या 'बीएफजी' या पुस्तकातला भला राक्षस रंगवताना हाच वॉली कामाला आला.

खोपट्याचं दार पिवळं. आत एक जुनी पंखांची आरामखुर्ची, आईकडून आलेली. युद्धात विमान पडल्यापासून डालची पाठ कायम दुखायची. म्हणून त्याने खुर्चीच्या पाठीला, बरोबर मणक्याच्या जागी, चक्क भोक पाडून घेतलं होतं. खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकायची. फळीला बिलियर्डच्या टेबलावर असतं तसलं हिरवं कापड चिकटवलेलं. फळीचा कोन नीट जमावा म्हणून तिच्याखाली पुठ्ठ्याची गुंडाळी. थंडीत पाय स्लीपिंग बॅगमध्ये. पडदे ओढलेले, म्हणजे बाहेरची गाय, खार, ऊन काही दिसायला नको. शेजारी थर्मासमध्ये कॉफी.

आणि पेन्सिली. पिवळ्या रंगाच्या, अमेरिकेतल्या डिक्सन टिकोंडेरोगा कंपनीच्या, मोजून सहा. कागदही पिवळा, तोही अमेरिकेतून मागवलेला. सकाळी बसलं की आधी सहाच्या सहा पेन्सिलींना टोक काढायचं. मग फळीवरचा खोडरबराचा चुरा ब्रशने झाडायचा. मग लिहायला सुरुवात. टाइपरायटर त्याला जमत नव्हता, हाताने लिहिलेलं दुसरं कुणीतरी टाइप करायचं.

वेळ ठरलेली. सकाळी १० ते १२, दुपारी ४ ते ६. बस्स. दिवसाला चार तास. मधल्या वेळात जेवण, झोप, बागेतली ऑर्किडची फुलं, रेसचे घोडे. पण त्या चार तासांत कुणी दार वाजवायचं नाही. आणि मुख्य म्हणजे काही सुचो न सुचो, खुर्चीत जाऊन बसायचंच. मूड येईल तेव्हा लिहू हा प्रकार त्याला मान्य नव्हता.

हातापाशी एक छोटं टेबल होतं, त्यावरच्या वस्तू बघून पाहुण्यांची भूक मरायची. ऑपरेशन करून काढलेलं स्वतःच्या खुब्याचं हाड. एका बाटलीत पाठीच्या मणक्यातून काढलेले तुकडे. आणि चांदीच्या कागदाचा एक जड गोळा. तरुणपणी लंडनमध्ये नोकरीला असताना तो रोज एक चॉकलेट खायचा आणि त्याची चांदी आधीच्या चांदीवर गुंडाळायचा. कचरा वाटावा असा तो गोळा त्याने आयुष्यभर जपला.

पत्रं लिहिणारा पोरगा

डालचा जन्म १३ सप्टेंबर १९१६ चा, वेल्समधल्या कार्डिफजवळच्या लँडाफचा. आईवडील नॉर्वेचे. नाव ठेवलं ते दक्षिण ध्रुवावर सगळ्यात आधी पोचलेल्या रोआल्ड अमुंडसेनवरून. वडील हॅराल्ड जहाजांना लागणाऱ्या मालाच्या धंद्यात होते. लहानपणी त्यांचा हात मोडला होता, डॉक्टरने खांदा निखळला असं समजून तो ओढला आणि शेवटी हात कापावा लागला. एका हाताने बुटाची नाडी बांधणारा हा माणूस धंद्यात मात्र चांगलाच वर आला.

१९२० मध्ये या घरावर एकामागून एक दोन घाव बसले. रोआल्डची थोरली बहीण आस्त्री अपेंडिक्सने गेली. वय वर्षं सात. वडिलांची ती सगळ्यात लाडकी. काही आठवड्यांत त्यांना न्यूमोनिया झाला आणि तेही गेले. त्यांना जगायचंच नव्हतं, असं डालने पुढे लिहिलं. सात वर्षांची मुलगी आणि मोडून पडलेला बाप, ही जोडी लक्षात ठेवा.

आई सोफी मागे राहिली, परक्या देशात, पदरात पोरं, पोटात आणखी एक. नॉर्वेला माहेरी परत जाणं सोपं होतं. पण पोरांनी इंग्लिश शाळेत शिकावं ही नवऱ्याची इच्छा होती, म्हणून ती तिथेच राहिली. रोज रात्री ती पोरांना नॉर्वेच्या राक्षसांच्या गोष्टी सांगायची.

नऊ वर्षांच्या रोआल्डला बोर्डिंगमध्ये टाकलं. तिथे दर रविवारी घरी पत्र लिहायची सक्ती होती. पत्र लिहिताना हेडमास्तर वर्गात फिरायचे आणि खांद्यावरून डोकावून वाचायचे. म्हणजे जेवण वाईट आहे, छडी लागते, घरची आठवण येते, यातलं काहीही लिहायची सोय नाही. तरीही पत्र तर मजेदार झालं पाहिजे. मग पोरगा काय लिहिणार? मॅच, पक्षी, मास्तरांच्या लकबी. खरं बोलायला बंदी असताना वाचणाऱ्याला धरून कसं ठेवायचं, याची तालीम त्याला दर रविवारी मिळत होती.

शाळा संपली, पण पत्रं थांबली नाहीत. आफ्रिकेतून, युद्धातून, अमेरिकेतून तो आईला लिहीत राहिला. १९६७ मध्ये आई शेवटच्या आजारात होती तेव्हा डाल स्वतः पाठीच्या ऑपरेशनसाठी ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलात पडला होता. तिने फोन करून त्याची चौकशी केली. स्वतः मरणाच्या दारात आहोत हे सांगितलं नाही. ती गेल्यावर त्याला कळलं की त्याचं एकूण एक पत्र तिने जपून ठेवलंय. सहाशेहून जास्त पत्रं, पाकिटासकट, हिरव्या फितीत बांधलेले गठ्ठे.

रेप्टन नावाच्या पुढच्या शाळेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. कॅडबरी कंपनी तिथल्या पोरांना अधूनमधून चॉकलेटचे खोके पाठवायची. आत नव्या चवीच्या वड्या असायच्या, पोरांनी चाखून गुण द्यायचे. डालच्या डोक्यात तेव्हा एक चित्र तयार झालं, की कुठेतरी मोठी प्रयोगशाळा असेल, पांढऱ्या कोटातली मोठमोठी माणसं दिवसभर चॉकलेट शिजवत असतील. तीसेक वर्षांनी त्यातून वाँकाचा कारखाना उभा राहिला.

शाळेत त्याच्या निबंधांबद्दल मास्तर लोकांचं मत मात्र फार वाईट होतं. या मुलाला जे म्हणायचंय त्याच्या बरोबर उलट तो लिहितो, असा शेरा एका मास्तरांनी प्रगतिपुस्तकात मारला होता.

विमान पडलं आणि लेखक सापडला

कॉलेजच्या भानगडीत न पडता डाल शेल या तेल कंपनीत चिकटला. कंपनीने त्याला दार-ए-सलामला पाठवलं. १९३९ मध्ये युद्ध पेटलं, तसा तो नैरोबीला जाऊन रॉयल एअर फोर्समध्ये भरती झाला. उंची सहा फूट सहा इंच. त्या काळच्या छोट्या लढाऊ विमानात हा माणूस घडी घालूनच बसायचा.

१९ सप्टेंबर १९४० ला तो नवं विमान घेऊन लिबियाच्या सरहद्दीजवळच्या वाळवंटात निघाला. ज्या जागी धावपट्टी असल्याचं सांगितलं होतं तिथे धावपट्टीच नव्हती. अंधार पडत आला, पेट्रोल संपत आलं. वाळवंटात विमान उतरवायच्या प्रयत्नात ते दगडावर आदळलं. कवटीला तडा गेला, नाक चेहऱ्यात घुसलं, काही आठवडे डोळ्यांना दिसत नव्हतं. बरा होऊन तो ग्रीसमध्ये पुन्हा लढला, पण डोकेदुखी इतकी वाढली की त्याला परत पाठवावं लागलं. १९४२ मध्ये त्याची नेमणूक वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत झाली.

इथे एक दिवस सी. एस. फॉरेस्टर हा नावाजलेला कादंबरीकार त्याला भेटायला आला. त्याला अमेरिकन मासिकासाठी एका वैमानिकाची हकीकत लिहायची होती. दोघं जेवायला गेले. डालने पुढे सांगितलेली कथा अशी, की समोर बदकाचं मांस होतं आणि खाताखाता फॉरेस्टरला टिपणं काढायला जमेना. मग डाल म्हणाला, मीच रात्री चार ओळी लिहून पाठवतो, तुम्ही त्याची गोष्ट करा. फॉरेस्टरने एकच सांगितलं, बारीकसारीक तपशील लिहा. बुटाची तुटलेली नाडी, ग्लासच्या काठावर बसलेली माशी, असलं काहीतरी.

डालने लिहून पाठवलं. फॉरेस्टरने त्यात एका शब्दाचाही बदल न करता ते मासिकाकडे धाडलं, असं डाल सांगायचा. १ ऑगस्ट १९४२ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये ते छापून आलं. गंमत म्हणजे मथळ्यात डालचं विमान शत्रूने पाडलं असं होतं, जे खरं नव्हतं. डालच्या आठवणींत थोडा मीठमसाला नेहमी असतो, हे त्याचे चरित्रकारही सांगतात. पण तो तपशीलवाला सल्ला मात्र त्याने आयुष्यभर पाळला. त्याच्या पुस्तकात दुष्ट म्हातारा नुसता दुष्ट नसतो, त्याच्या दाढीत कालच्या जेवणाचे तुकडे अडकलेले असतात.

पुढची बरीच वर्षं तो मुख्यतः मोठ्यांसाठी लिहीत होता. शेवटच्या ओळीत धक्का देणाऱ्या, काळ्या विनोदाच्या कथा. मग लग्न झालं, बायको हॉलिवूडची नटी पॅट्रिशिया नील. ऑलिव्हिया आणि टेसा या दोन मुली झाल्या. त्यांना झोपवताना रोज नवी गोष्ट सांगावी लागायची. बागेतल्या फळझाडाकडे बघता बघता त्याला प्रश्न पडला, की हे फळ वाढायचं थांबलंच नाही तर? आधी चेरी धरून पाहिली, सफरचंद पाहिलं, शेवटी पीच पक्कं केलं. १९६१ मध्ये 'जेम्स अँड द जायंट पीच' आलं, तेव्हा डाल पंचेचाळिशीला टेकला होता. ब्रिटनमधल्या प्रकाशकांना ते नको होतं. त्यांनी हे पुस्तक आणि पुढचं 'चार्ली' दोन्ही नाकारली. अमेरिकेत छापून झाल्यावर कितीतरी वर्षांनी, १९६७ मध्ये, ही पुस्तकं ब्रिटनमध्ये निघाली.

ऑलिव्हिया

डालबद्दलच्या बऱ्याच लेखांत चॉकलेट असतं, पेन्सिली असतात. त्याच्या आयुष्यातली १९६० ते १९६५ ही पाच वर्षं मात्र दोन ओळींत उरकली जातात.

डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार महिन्यांच्या थिओची बाबागाडी टॅक्सीने उडवली. पोराच्या कवटीला मार बसून मेंदूत पाणी साठू लागलं. ते बाहेर काढायला नळी बसवली होती, तिचा व्हॉल्व्ह सारखा तुंबायचा. तुंबला की पोराला दिसेनासं व्हायचं, पुन्हा ऑपरेशन. डाल डॉक्टर नव्हता, इंजिनिअरही नव्हता. पण त्याच्या ओळखीत स्टॅन्ली वेड होता, मॉडेल विमानांच्या इंजिनाचे बारीक पंप बनवणारा. डालने त्याची गाठ लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलचे मेंदूचे सर्जन केनेथ टिल यांच्याशी घालून दिली. तिघांनी मिळून न तुंबणारा व्हॉल्व्ह बनवला आणि त्यातून नफा घ्यायचा नाही असं ठरवलं. १९६२ मध्ये तो वापरात आला, तोवर थिओला त्याची गरज उरली नव्हती. पण वेड-डाल-टिल या नावाचा तो व्हॉल्व्ह पुढे हजारो मुलांच्या डोक्यात बसला.

त्याच १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हियाला गोवर झाला. ती सात वर्षांची होती.

गोवर म्हटलं की आपल्याकडेही घरातली म्हातारी माणसं अजून म्हणतात, अंगावर उठेल आणि जाईल. तिच्याबाबतीतही आधी तसंच वाटलं. ती बरी होत होती. डाल तिच्या पलंगावर बसून रंगीत तारांपासून प्राणी कसे करायचे ते तिला शिकवत होता. तिची पाळी आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिची बोटं आणि डोकं एकत्र चालत नाहीयेत. तिला काहीच करता येत नव्हतं. कसं वाटतंय विचारल्यावर ती म्हणाली, खूप झोप येतेय. तासाभरात ती बेशुद्ध झाली. बारा तासांत गेली. तारीख होती १७ नोव्हेंबर. गोवराचा विषाणू मेंदूपर्यंत पोचून मेंदूला सूज आली होती.

तेव्हा गोवराची लस बाजारात नव्हती. अमेरिकेत ती १९६३ मध्ये आली, म्हणजे पुढच्याच वर्षी. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये.

डाल मोडून पडला. वडिलांचं झालं होतं तसंच. तो तिच्याबद्दल घरात कुणाशीच बोलत नसे, बायकोशीही नाही. ऑलिव्हियाच्या कबरीभोवती मात्र त्याने डोंगराळ भागातली दुर्मीळ फुलझाडं आणून लावली, शेकड्यांनी. आणि काही काळानंतर तो परत खोपट्यात जाऊन बसायला लागला. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' १९६४ मध्ये आलं. एवढं गोड, एवढं गमतीदार पुस्तक कोणत्या दिवसांत पुरं झालं, हे माहीत असेल तर ते जरा वेगळंच वाचलं जातं.

तिच्या मृत्यूला चोवीस वर्षं झाल्यावर, १९८६ मध्ये, डालने ब्रिटनमधल्या आईबापांसाठी एक जाहीर पत्र लिहिलं. लस आता आहे, तरीही लोक आळसापायी किंवा भीतीपायी मुलांना देत नाहीत, याचा त्याला संताप होता. लसीच्या धोक्यापेक्षा मुलाच्या घशात चॉकलेट अडकून जीव जायची शक्यता जास्त, अशा अर्थाचं वाक्य त्याने त्यात लिहिलं. चॉकलेटचा उल्लेख त्याने सहज केला नसणार. हे पत्र आजही जगात कुठे गोवराची साथ आली की सोशल मीडियावर फिरायला लागतं.

आणि साथ येते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत, गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर पसरला होता आणि त्यात लहान मुलं दगावली. कोरोनाच्या काळात चुकलेले डोस हे त्यामागचं एक मोठं कारण. आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. घरात लहान मूल असेल तर त्याचं लसीचं कार्ड काढून बघायला दोन मिनिटं लागतात.

डालच्या घरातली संकटं तिथे संपली नाहीत. फेब्रुवारी १९६५ मध्ये गरोदर असलेल्या पॅट्रिशियाच्या मेंदूत लागोपाठ रक्तस्राव झाले. तिला बोलता येईना, चालता येईना. डालने शेजारीपाजारी गोळा करून रोज सहा-सहा तास तिला बोलायला, वाचायला शिकवण्याचा सपाटा लावला. वस्तूचं नाव घेतल्याशिवाय ती वस्तू हातात द्यायची नाही, इतका कडकपणा. तिने त्याला क्रूर म्हटलं, आणि पुढे त्यामुळेच आपण उभ्या राहिलो असंही म्हटलं. १९६८ मध्ये ती पुन्हा सिनेमात झळकली आणि ऑस्करचं नामांकनही मिळालं. आजारात तिच्या तोंडून जे मोडके, उलटेपालटे शब्द निघायचे, त्यांचा कान डालने धरून ठेवला होता असं मानतात. बीएफजीची विचित्र भाषा तिथून आली. १९८२ मध्ये निघालेलं ते पुस्तक त्याने ऑलिव्हियाला अर्पण केलं.

मग त्याचा सल्ला काय?

डालने लिहिण्याबद्दल अनेकदा सांगितलंय. लेखक व्हायला काय लागतं याची सात गुणांची यादीसुद्धा त्याने १९७७ मध्ये एका लेखात दिली होती. कल्पनाशक्ती हवी, प्रसंग डोळ्यांसमोर उभा करता आला पाहिजे, हे कुणीही सांगेल. त्याच्या यादीत खरा जोर आहे तो दमावर, शिस्तीवर आणि नम्रपणावर. आपण लिहिलंय ते फार भारी आहे असं वाटायला लागलं की अडचणीला सुरुवात झाली, असं त्याचं म्हणणं. विनोदबुद्धी मोठ्यांसाठी लिहिताना नसली तरी एक वेळ चालेल, मुलांसाठी लिहिताना तिच्याशिवाय भागत नाही.

कल्पना सुचली की त्या क्षणी टिपून ठेवा, हा त्याचा लाडका मुद्दा. त्यासाठी त्याने एक जुनी शाळेची वही ठेवली होती. चॉकलेटचा कारखाना आणि तो चालवणारा वेडा माणूस, एवढंच एका ओळीत त्या वहीत होतं. दुसऱ्या ओळीत एक कोल्हा, ज्याच्या बिळातून गावातल्या दुकानांपर्यंत बोगदे जातात. त्याचं पुढे 'फॅन्टास्टिक मिस्टर फॉक्स' झालं. एकदा गाडी चालवताना त्याला सुचलं, की रिकाम्या घरातल्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये कुणीतरी अडकलं तर? जवळ कागद नाही, पेन नाही. त्याने गाडी थांबवली, मागे गेला आणि डिकीवरच्या धुळीत बोटाने 'लिफ्ट' एवढाच शब्द लिहिला. तेवढ्यावर घरी पोचेपर्यंत कल्पना टिकली. आज आपल्या खिशात मोबाइल असतो, नोट्सचं ॲप असतं, आणि तरी 'नंतर लिहू' म्हणून किती गोष्टी हरवतात.

दुसरी युक्ती त्याने हेमिंग्वेकडून उचललेली. लिखाण अडलं की उठायचं नाही. उलट छान चाललंय, पुढे काय येणार ते माहीत आहे, अशा वेळी पेन्सिल खाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसायची भीती राहत नाही, कारण वाक्य अर्धवट वाट बघत असतं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनीही हे करून बघायला हरकत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुन्हा लिहिणं. गोष्ट संपत येते तोवर तिची पहिली पानं मी दीडशे वेळा तरी वाचून दुरुस्त केलेली असतात, असा त्याचा हिशोब होता. यातही मीठमसाला असेल म्हणा. तरी 'मटिल्डा'चं उदाहरण पक्कं आहे. पहिल्या खर्ड्यातली मटिल्डा गुणी मुलगी नव्हतीच. ती वात्रट होती, आपल्या शक्तीने घोड्यांच्या शर्यतीत लबाडी करायची आणि शेवटी मरायची. संपादक स्टीफन रॉक्सबर्ग यांनी दोष दाखवले. डालने ते पुस्तक जवळजवळ पहिल्यापासून नव्याने लिहिलं. १९८८ मध्ये ते निघालं तेव्हा तो ७२ वर्षांचा होता, हाडं कुरकुरत होती, आणि आधीची सगळी पानं बाजूला सारायची त्याची तयारी होती. 'बीएफजी'तही आधी जोडी नावाचा मुलगा होता, मग त्याच्या जागी सोफी आली. हे त्याच्या नातीचं नाव.

मुलांसाठी लिहायचं असेल तर आठवडाभर गुडघ्यांवर रांगून बघा, असंही तो सांगायचा. मग कळतं की मुलांना आपण कसे दिसतो. सतत वरून हुकूम सोडणारे धिप्पाड लोक. त्याच्या पुस्तकांतले मोठे इतके भयंकर का असतात आणि मुलांना ते वाचून इतकी मजा का येते, याचं उत्तर या उंचीत आहे.

आणि तरीही

डाल संत नव्हता. माणूस हेकट, तोंडाळ, प्रकाशकांशी भांडणारा. १९८३ मध्ये एका मुलाखतीत त्याने ज्यू लोकांबद्दल जे बोललं ते सरळसरळ द्वेषाचं होतं, आणि त्याने ते कधी मागे घेतलं नाही. २०२० मध्ये त्याच्या कुटुंबाने त्याबद्दल माफी मागितली. 'चार्ली'च्या पहिल्या आवृत्तीतले उम्पा-लुम्पा आफ्रिकेतून आणलेले काळे बुटके मजूर होते. टीका झाल्यावर १९७३ च्या आवृत्तीत त्याने स्वतः ते बदलले.

२०२३ मध्ये पफिन प्रकाशनाने त्याच्या पुस्तकांतले 'जाडा', 'कुरूप' असले शेकडो शब्द बदलल्याचं बाहेर आलं आणि गदारोळ उठला. सलमान रश्दी यांनीही त्यावर टीका केली. शेवटी प्रकाशकांनी जुना मजकूरही छापत राहू असं जाहीर केलं. लेखकाने जिवंतपणी स्वतःच्या हाताने केलेला बदल आणि मेल्यावर दुसऱ्यांनी केलेला बदल, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. ज्याने एकेक शब्द दीडशेदा तपासला त्याच्या बाबतीत तर नाहीच.

२३ नोव्हेंबर १९९० ला डाल गेला, वयाच्या ७४ व्या वर्षी. ग्रेट मिसेंडनच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. सोबत ठेवलं त्याच्या आवडीचं सामान : स्नूकरच्या काठ्या, वाइन, चॉकलेट आणि अर्थातच पेन्सिली. खोपट्यातली खुर्ची, फळी, हाड, चांदीचा गोळा आता गावातल्या त्याच्या संग्रहालयात जसेच्या तसे मांडलेत.

तो गेल्यावर घरच्यांनी खोपटं आवरायला घेतलं, तेव्हा एका खणात मागच्या बाजूला एक वही सापडली. आत ऑलिव्हियाच्या शेवटच्या दिवसाची हकीकत होती, डालच्या अक्षरात. हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता, डॉक्टर, तिचा चेहरा, बारीकसारीक तपशिलांसह. ती त्याने कुणालाच दाखवली नव्हती.